बार्तो शिडी चढला नाही तेव्हा

मित्रांनो, माझ्या गळ्याशी एक टवका उडालेला आहे आणि पोटावर दोन ओरखडे आहेत, पण मी अजून गळत नाही. मी काचेची एक जुनी बरणी आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या नशिबी काकड्यांचं लोणचं होतं. सात हिवाळे मी शेपू आणि सिरका पोटात सांभाळला. मग एका ऑगस्टमध्ये, संत बार्तोलोमच्या सणाला, वेंडेलीनबाबांनी मला उन्हात वाळवलं. तळाशी वाळू, वर चार बोटं विहिरीचं पाणी आणि मध्ये हेझलच्या झुडपाच्या काटक्यांची सात पायऱ्यांची शिडी. शेवटी त्यांनी ओंजळ उघडली आणि एक इवलासा हिरवा बेडूक माझ्यात उतरला. सणाच्या संताचंच नाव त्याला मिळालं, बार्तो.

आमच्या मोराव्हियात, चेक देशाच्या पूर्व भागात, हवामान शिडीवर बघतात. बेडूक वरच्या पायरीवर बसला तर ऊन, खाली उतरला तर पाऊस. आमच्या गल्लीतली माणसं गवत कापायच्या आधी खिडकीशी थांबत आणि विचारत, "काय म्हणतोय बार्तो?" वेंडेलीनबाबा मिशीवर हात फिरवून उत्तर देत. त्या घरात ते आणि त्यांची लेक अपोलेना, अशी दोघंच. अपोलेना शिवणकाम करी, शुक्रवारचा उपास पाळी आणि माझी धूळ पुसतानाही ओठांत प्रार्थना पुटपुटत असे.

एक गोष्ट मात्र त्या दोघांनीही पाहिली नव्हती. ती फक्त मी पाहिली होती. दर काही दिवसांनी पहाटे बार्तोच्या पाठीवरची कातडी सुटायची. ओला सदरा डोक्यावरून काढावा तशी तो ती पायांनी ओढून काढायचा आणि खाऊन टाकायचा. खाली नवं, झळझळीत हिरवं अंग. देवानं एवढ्याशा जिवाला पुन्हा पुन्हा नवं व्हायची विद्या दिली आहे, आणि ती तो माझ्या पोटात बसून वापरतो, या विचारानं माझी काच थरथरायची.

मग गावात नळ आला. बँड वाजला, केक वाटले. वेंडेलीनबाबांनी मोठ्या अभिमानानं विहिरीवर फळ्या ठोकल्या, बारा खिळ्यांनी. "आता चिखलाचं पाणी माझा बेडूकसुद्धा पिणार नाही," ते म्हणाले आणि मला नळाखाली धरलं. पाणी स्वच्छ होतं. पण त्याला एक तिखट वास होता.

दुसऱ्या दिवशी बार्तो खाली उतरला, तो वर चढलाच नाही.

"पाऊस येतोय," वेंडेलीनबाबांनी जाहीर केलं. गल्लीनं विळे खुंटीला टांगले. मी मात्र आतून बघत होते. आत सोडलेली माशी त्याच्या नाकावरून चालत गेली तरी त्यानं जीभ काढली नाही. पानासारखा हिरवा रंग राखेसारखा झाला. तो मागच्या पायांनी सारखं अंग खाजवू लागला. सुटलेली कातडी आता सदऱ्यासारखी निघेना. तिच्या चिंध्या पाठीवर लोंबू लागल्या. मला ओरडून सांगायचं होतं, पण काचेला आवाज फुटतो तो फक्त फुटताना. आणि वेंडेलीनबाबा रोज मला आणखी स्वच्छ करत. रोज नवं पाणी, त्याच नळाचं.

आठ दिवस ढगाचा ठिपका नव्हता. शेजारचा काश्पार कुंपणावर रेलून म्हणाला, "वेंडेलीन, तुझा बेडूक पुढच्या वर्षीचा पाऊस सांगतोय काय? माझं गवत उभ्या उभ्या वाळलं."

"बार्तो कधी चुकलेला नाही. जितका उशीर, तितकं मोठं वादळ," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी बार्तो पाण्यात पसरून पडला. बाबांनी टोपी चढवली आणि लेकीला वादळाची मेणबत्ती लावायला सांगितलं. फेब्रुवारीतल्या सणाला चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली ही मेणबत्ती आमच्याकडे विजा कडाडताना खिडकीत लावतात. बाहेर पश्चिम अजून सोनेरी होती, तरी अपोलेनानं ती लावली, माझ्याशेजारी ठेवली आणि गुडघे टेकले. ज्योतीचा उजेड माझ्यातून आरपार गेला.

तिची प्रार्थना मध्येच थांबली.

ती खूप वेळ बघत राहिली. बार्तोच्या मांड्यांची आतली बाजू लाल झाली होती. डोळे अर्धे मिटलेले, गळा भराभर हलत होता.

"बाबा," ती हळू म्हणाली, "वादळबिदळ काही नाही. हा आजारी आहे."

"बेडूक कसला आजारी पडतो? पडतो तो पाऊस."

"वर्षभर आपण त्याला पावसाचं विचारलं. तू कसा आहेस, हे एकदा तरी विचारलं का?"

बाबा वाकून काचेत बघू लागले. कुंपणापलीकडून ऐकणारा काश्पार मात्र आपली बाटली घेऊनच आला. आलुबुखाराच्या दारूचा एक थेंब पाण्यात टाकला की मेलेलाही उठतो, असं त्याचं म्हणणं होतं. "तुझा बाप उठला नव्हता," अपोलेना म्हणाली आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

सकाळी पहिल्या बसनं आम्ही तालुक्याला गेलो, मी तिच्या मांडीवर. तिथले गुरांचे डॉक्टर शिमेक आधी हसले. "काय आणलंय? काकड्या?" मग त्यांनी बार्तोला पाहिलं आणि हसणं थांबवलं. हात ओले करून त्याला अलगद उचललं, पोट बघितलं आणि माझ्या तोंडाशी नाक नेलं.

"पाणी कुठलं?"

"नळाचं. नवंकोरं."

"बाई, बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. श्वाससुद्धा बराचसा कातडीनंच घेतो. नळात जंतू मारायचं औषध असतं. तुमच्या पोटाला ते चालतं. याचं उघडं अंग पोळतं त्यानं."

अपोलेनानं छातीवर क्रूसाची खूण केली. तिला वाईट वाटलं होतंच, पण तिच्या डोळ्यांत त्याहून मोठं काहीतरी होतं. अंगभर तहान आणि अंगभर श्वास असलेला जीव तिच्या खिडकीत राहत होता, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. पसरट भांडं घ्यायचं, विहिरीचं किंवा पावसाचं पाणी उथळ घालायचं, नाक वर राहील इतकंच, आणि ते दिवसातून दोनदा बदलायचं. सावली, गारवा, शांतता. हाताला साबण असेल तर शिवायचं नाही. मीठ नको, दारू नको, तोंडात घास कोंबायचा नाही. "तीन दिवसांत खाल्लं तर जगेल. अंग सुजलं तर मात्र वाट बघू नका, लगेच आणा."

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबा, विहीर उघडा."

बाबांनी पकड आणली. बाराही खिळे त्यांनी स्वतः उपटले. शेवटच्या खिळ्याला त्यांचा अंगठा सोलला, तरी त्यांनी पकड सोडली नाही. बार्तोला एनॅमलच्या पसरट भांड्यात ठेवलं, खाली ओलं शेवाळ, वर जाळी. मी बाजूला रिकामी उभी होते. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी मांड्यांची लाली थोडी उतरली. अपोलेना शिवणयंत्राला हात लावेना, आवाज नको म्हणून.

तिसऱ्या पहाटे वेंडेलीनबाबा भांड्याशी बसले होते. बार्तोची पाठ हलली. जुनी कातडी मधोमध उकलली. त्यानं एक पाय सोडवला, मग दुसरा, आणि सगळं डोक्यावरून ओढून घेतलं. आत हिरवा, जणू देवानं नुकताच घडवलेला. मग त्यानं ती कातडी गिळली आणि काठावरच्या माशीकडे वळून जीभ टाकली.

बाबांनी हळूच टोपी काढली, चर्चमध्ये काढतात तशी.

त्याच दिवशी गल्लीनं गवत कापलं. थोडं करपलं होतं. पण काश्पारनंही कुरकुर केली नाही. दोन आठवडे बार्तो नीट खातोय हे पाहून त्यांनी त्याला कुरणापलीकडच्या तळ्यावर नेलं, माझ्यातूनच. त्यानं शिडीकडे पाहिलंसुद्धा नाही. उडी मारून तो वाळुंजाच्या फांदीवर गेला आणि पानांत मिसळला. मी त्याचं घर आहे असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं की मी फक्त त्याची वाट होते.

आता मी खिडकीत रिकामी असते. कधी संध्याकाळी तळ्याकडून बार्तोचा आवाज येतो. परवा तो आला तेव्हा मला वाटलं, बाबा पावसाचं काही बोलतील. ते अपोलेनाकडे बघत होते.

"पोरी, आज तू जेवली नाहीस. बरं वाटत नाही का?"

"बाबा, शुक्रवार आहे," ती हसली. चाळीस वर्षांत त्यांनी तिला हे पहिल्यांदा विचारलं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा मुका जीव असेल, तर तो आपल्याला काय देतो एवढंच बघू नका. त्यानं खाल्लं का, त्याचा रंग तोच आहे का, तो नेहमीच्या जागी चढतो का, हे रोज बघा. त्याला बोलता येत नाही आणि मलाही. उजेड तुम्हालाच जवळ आणावा लागतो.