मागच्या बाजूला सरकलेली पानं

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. एके काळी मी पांढराशुभ्र होतो, यावर आता कुणाचा विश्वास बसणार नाही. या घरात आलो तेव्हा शेजारीपाजारी मुद्दाम मला बघायला आले. जो तो दार उघडायचा, आत हात घालायचा आणि म्हणायचा, "वा, काय गार आहे हो!" त्या कौतुकाने मी अगदी फुगून गेलो होतो.

पुढे वय झालं आणि माझीच थंडी मला आवरेना. मधल्या कप्प्यात मागे ठेवलेलं सगळं गोठू लागलं. एकदा तर अंडी तडकली. "मेकॅनिकला बोलवायला हवं," असं बाबा म्हणायचे आणि विसरायचे. शेवटी घरानेच माझ्याशी जुळवून घेतलं. भाजीपाला नेहमी पुढे ठेवायचा, हे घरातल्या मुलीच्याही हाताला सवयीचं झालं.

या मुलीला गहू सोसत नाही. चुकून एक घास गेला तरी ती पोट धरून कळवळते. म्हणून कुणाच्याही वाढदिवसाला पोरं घोळक्याने खातात आणि ही आपला डबा उघडून बाजूला बसते. यंदा स्वतःच्या वाढदिवसाला तिने हट्टच धरला. "आई, या वेळी सगळ्यांना माझंच खाणं दे. माझं वेगळं काही नको."

आईने ते मनावर घेतलं. पावाला सुट्टी, त्याऐवजी लेट्यूसची पानं! सकाळी तिने एकेक पान धुतलं, फडक्यावर कोरडं केलं आणि डब्यांत रचून माझ्यात पुढे ठेवलं. अंडी, चीज, काकडीच्या चकत्या तयार होत्या. आयत्या वेळी सारण पानात गुंडाळायचं, टूथपिक टोचायची, की झालं सँडविच.

दुपारी मदतीला मावशी आली. भारी हौशी बाई. "ताई, तू जरा आडवी हो. बाकीचं मी बघते," म्हणत तिने आईला आत पिटाळलं. सरबताच्या बाटल्यांना जागा हवी होती. तिने पानांचे डबे उचलले आणि थेट मागे सरकवले.

मी ओरडलो, मित्रांनो! पण माझं ओरडणं म्हणजे नुसती घरघर. "किती कुरकुरतो हा खटारा," असं म्हणून तिने दार लावलं. आतला दिवा विझला. ती कोवळी पानं माझ्याच गारठ्याने कडक होत गेली आणि मला काहीच करता येईना. इतका लाचार मी कधीच नव्हतो.

संध्याकाळी पोरं जमली. आईने डबा उघडला. पानं हातात घेताच त्यांच्यावरचा बर्फ विरघळला आणि ती चिंध्यांसारखी लोंबू लागली. मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, मागे गोठतं हे मला सांगायचं तरी!" सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

भुकेल्या पोरांसाठी बाबा धावत जाऊन पाव घेऊन आले. तळातली दोन-तीन पानं तेवढी बचावली होती. त्यांचं आईने एक सँडविच केलं आणि लेकीला दिलं, वेगळ्या ताटलीत.

"मला भूक नाही," मुलगी म्हणाली. ती माझ्यापाशी आली, एक बाटली बाजूला केली आणि ताटली अगदी पुढे ठेवली, गोठू नये अशी. मग हळूच दार लावलं.

मित्रांनो, आमच्या खोडी तुम्ही सांभाळून घेता, हे तुमचे उपकार आहेत. पण त्यापेक्षा आम्हाला वेळेवर दुरुस्त करा. आम्हाला बोलता येत नाही. ती ताटली अजून माझ्यात आहे. मी ती जिवापाड जपतो आहे. पण मला येतं ते फक्त गार करणं.