राहतं घर

सेड्रिक आला तेव्हा मी त्याच्या आईच्या अंगणातलं गवत कापत होते. त्याची आई एर्नेस्टीन, माझी शेजारीण, तीन वर्षांपूर्वी अटलांटाला लेकीकडे गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली, ती तिकडेच राहिली. जाताना म्हणाली, "लोरेन, घर ओस दिसू देऊ नकोस गं. ओस दिसलं की चोर आधी तांब्याचे नळ नेतात, मग तारा." नेतातच मेले. आमच्या या अर्ध्या ओस पडलेल्या फ्लिंट शहरात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

तेव्हापासून माझा अर्धा कचरा तिच्या डब्यात घालून दर मंगळवारी तो डबा मी रस्त्यावर ओढते. थंडीत तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढते, नाताळात दाराला हार अडकवते. किल्ली होती माझ्याकडे, पण मालकीण नसताना तिच्या घरात शिरणं मला कधी बरं वाटलं नाही.

सेड्रिक भूगोल शिकला. लहानपणी माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर नकाशे काढून मार खायचा. आता पालिकेत नोकरीला आहे, शहराच्या रिकाम्या घरांचा नकाशा त्याच्या हातात आहे. पाण्याचं मीटर, परत आलेली पत्रं, विमानातून काढलेले फोटो, सगळं जुळवून तो घरांना रंग देतो. हिरवं म्हणजे राहतं, लाल म्हणजे पाडायचं. माझ्या बहिणीचं बंद घर त्यानेच लाल केलं. त्यात गर्दुल्ले शिरले होते, बरोबरच केलं म्हणा. तरी मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही.

"मिस लोरेन, ते यंत्र बंद करा जरा."

"का रे? आता गवत कापल्याचा आवाजही सहन होत नाही का साहेबांना?"

तो हसला नाही. पायरीवर बसला. "आज हे घर लाल केलं मी."

माझं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत? आई परत आली की कुठे बसवशील तिला, तुझ्या नकाशावर?"

त्याने माझं कोपर धरलं आणि मला मागच्या बाजूला नेलं. तिकडे काटेरी झुडपं माजलेली, मी कधी फिरकतच नव्हते. मागचं छप्पर खाली बसलं होतं. फुटक्या खिडकीतून एर्नेस्टीनचा पलंग दिसत होता, त्यावर छपराचे तुकडे पडलेले.

"कधीपासून हे?"

"दोन वर्षं झाली. फोटोत भोक दिसायचं. दर वेळी मोठं झालेलं."

"आणि तू गप्प बसलास?"

"मीटर शून्यावर, पत्रं परत. याहून कमी पुराव्यावर लोकांची घरं लाल केली मी. हे एकच घर माझ्या हाताने हिरवं ठेवलं. दर रविवारी ती फोनवर विचारायची, घर आहे ना रे? मी म्हणायचो, आहे."

"मग आज काय झालं?"

त्याने मान खाली घातली. मला कळलं, आणि कळून घ्यायचं नव्हतं.

"कधी गेली?"

"काल पहाटे. झोपेतच."

मी त्याला जवळ घेतलं. एवढा मोठा बाप्या, लहान पोरासारखा रडला, आणि मीही रडले. ती परत यावी म्हणून आम्ही दोघं खोटं बोलत होतो, मी रस्त्याशी आणि तो नकाशाशी.

तो गेल्यावर मी पुढे आले. अर्धं गवत राहिलं होतं. आता कशाला कापायचं, असं मनात आलं. पण बातमी कळली की चर्चमधली माणसं इथे येतील, दारापाशी थांबतील. अर्धवट कापलेलं अंगण त्यांनी पाहिलं असतं, तर एर्नेस्टीनने मला माफ केलं नसतं. मी यंत्र पुन्हा सुरू केलं.