दाराजवळची टाकी

मंजुषानं गॅरेजच्या फरशीवर खडूनं रेघा ओढल्या तेव्हा तिचं डोकं नुसतं तापलेलं होतं. इथं माशांच्या कुलूपबंद टाक्यांचा रॅक, तिथं पाण्याचा ड्रम, कोपऱ्यात हवेची मोटर. अन् दाराजवळ, बिनकुलपाची, एक टाकी. ती खास अभयभाऊजींसाठी.

हो, दिरासाठी! काय बिघडवलं होतं हो तिनं त्याचं? वर्षानुवर्षं खपून तिनं निळ्या शेपटीच्या गप्पी माशांचा वाण तयार केला. दर पिढीतले उजवे निवडायचे, बाकीचे वेगळे काढायचे. ती माहेरी पैठणला काय गेली, यानं मोठे मासे सगळे उचलले, प्रदर्शनात स्वतःच्या नावावर मांडले आणि कप घेऊन आला. उस्मानपुऱ्यातल्या त्याच्या दुकानावर 'अभय ब्लू' असा बोर्ड झळकला. वर तोंड करून म्हणतो, "वहिनी, घरातल्या घरात कसलं आलंय तुझं-माझं?" सासूबाईंनी, गोजरबाईंनी, लेकाची दृष्ट काढली. मंजुषाला त्या दिवशी घास गिळवला नाही.

पिल्लं तेवढी मागं राहिली होती. त्यांच्यावर तिनं वाण पुन्हा उभा केला, गॅरेज त्यासाठीच. आणि भाऊजी परत येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण हावरटानं नेलेले मासे होते नव्हते तेवढे विकून टाकले होते.

गप्पीची मादी एकदा नराच्या संगतीत राहिली, की पुढं कित्येक महिने त्याचीच पिल्लं देऊ शकते. मंजुषानं आपल्या वाणाच्या, नरांपासून वेगळ्या वाढवलेल्या काही माद्या मुद्दाम गावठी नरांत सोडल्या, डास मारायला हौदात सोडतात तसल्या. मग नर काढले, माद्या दाराजवळच्या टाकीत ठेवल्या आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'विकायच्या नाहीत'. नको म्हटलेल्या डब्यातच भाऊजींचा हात आधी जातो.

एका दुपारी ती भाजी घेऊन आली, तर टाकी रिकामी. "ने मेल्या, ने!" ती एकटीच हसली. लई दिवसांनी पोटभर जेवली.

पुढं त्या माद्यांची पिल्लं 'अभय ब्लू' म्हणून गिऱ्हाइकांच्या घरी गेली, तिथं मोठी झाली, पण शेपटी काही निळी होईना आणि बोंब उठली. शेवटी अभय तणतणत गॅरेजात आला. त्याच्या मागं त्याचं जुनं गिऱ्हाईक, मोतीरामदादा, हातात पिशवी घेऊन.

"हे हौदातले गप्पी हायेत, अभय! पोरं हसायलीत मला."

"वहिनी, तुम्ही फसवलं मला! त्या माद्या..."

"कोणत्या माद्या, भाऊजी? मी दिल्या होत्या व्हय?"

आवाज ऐकून गोजरबाई दारात आल्या.

"सांगा की. आईंनाही ऐकू द्या."

"इथूनच नेल्या," तो पुटपुटला. "न विचारता."

"अन् कपाचे मासे?"

"ते पण तुमचेच."

गोजरबाईंनी लेकाकडं बघितलं आणि पाठ फिरवून आत गेल्या. मोतीरामदादांनी पिशवी अभयच्या हातात दिली. "ताई, आता मासे तुमच्याकडूनच नेतो."

मंजुषाच्या काळजात थंडावा पसरला. खोटं कशाला बोला, दया अजिबात आली नाही.

"वहिनी, एक जोडी द्या. दुकान बसलंय माझं."

तिनं जाळीनं सगळ्यात देखणा मासा पकडला, पिशवीत घातला, गाठ मारली.

"घ्या. नर आहे. एकटाच ठेवा काचेत. मी जिवंत आहे तोवर माझ्या वाणाची मादी तुमच्या दुकानात यायची नाही."