गुणवंतभाऊंच्या कॅबिनेटची पारख

अहेरीत करिष्माचं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान होतं आणि तिच्या शब्दाला वजन होतं. एखाद्या वस्तूला ती बेकार म्हणाली की माणूस मुकाट्यानं ती उचलून घरी जायचा. म्हणून धानाच्या गिरणीचे मालक गुणवंतराव ऑनलाइन मागवलेलं कॉम्प्युटरचं स्वस्तातलं ॲल्युमिनियमचं कॅबिनेट काखेत मारून आले, तेव्हा तिनं ते मन लावून तपासलं. पत्रा अंगठ्यानं दबत होता. मदरबोर्डची भोकं जुळत नव्हती. बाजूचं झाकण एका कोपऱ्यात बसवलं की दुसऱ्या कोपऱ्यात वर यायचं. समोरचे रंगीत दिवे तेवढे झकास होते.

"भाऊ, वापस पाठवा," ती म्हणाली. "यात कॉम्प्युटर बसत नाई."

गुणवंतरावांचा चेहरा पडला. "पातळ हाय म्हणून वाईट कसं? अजून एका जाणकाराले दाखवू."

जाणकार म्हणून त्यांनी समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेल्या कुलदीपला हाक मारली. कुलदीप बँड पार्टीत ताशा वाजवायचा. कॉम्प्युटरमधलं आपल्याला काही कळत नाही, हे त्यानं आधीच सांगून टाकलं. तरी भाऊंचा मान राखायचा म्हणून त्यानं ताशाच्या काड्या काढल्या आणि झाकणावर हलकेच वाजवून पाहिलं.

टपरीवरची माणसं चहा टाकून आली. आवाज कोरडा, कडक आणि शेवटी किंचित झणझणणारा होता. कुलदीपनं डोळे मिटले.

"सिरोंच्यापासून ब्रह्मपुरीपर्यंत असा आवाज ऐकला नाई मी."

"पण भोकं जुळत नाईत ना," करिष्मा म्हणाली.

"तेच्यानंच आवाज मोकळा होऊन राह्यला, बाई."

पोरगा बोर्डात पहिला आल्यासारखं गुणवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं. कॅबिनेट त्यांनी तिथल्या तिथे बँडला देऊन टाकलं.

पुढे दुसऱ्या बँडवाल्यांची दुकानात रीघ लागली. करिष्मानं त्यांना तिच्याकडचं सगळ्यात चांगलं, जाड पत्र्याचं कॅबिनेट दाखवलं. त्यांनी बोटानं टिचकी मारून ते खाली ठेवलं. "हे तं मुकं हाय." तिला ते फार लागलं. पण गिऱ्हाइकाला नको ते गळ्यात मारणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं पातळ पत्र्याची मागवली आणि प्रत्येक कॅबिनेट देण्याआधी दार लावून, कान लावून, स्वतः वाजवून बघू लागली. जे जास्त चांगलं जुळायचं, ते ती नापास करायची.

गुणवंतरावांच्या पुतण्याचं, प्रणितचं लग्न आलापल्लीला होतं. वरातीत कुलदीपच्या गळ्यात ते पहिलं कॅबिनेट होतं. दिवे बॅटरीवर लुकलुकत होते आणि नवरदेव घोड्यावरून सारखा तिकडेच बघत होता. वरात रंगात आलेली असताना झाकण निसटून रस्त्यावर पडलं. आवाज एकदम बसला. घोडा थांबला, नाचणारे थांबले, आणि गुणवंतराव लग्नाला आलेल्या करिष्माला गर्दीत शोधू लागले.

ती नवी साडी सावरत रस्त्यावर गुडघे टेकून बसली. पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर होताच. कुणी मोबाइलचा उजेड धरला, कुणी पोरांना गप्प केलं. नवरीचे वडील मंडपातून धावत आले आणि त्यांनी हळूच विचारलं, "वाचंल ना?"

करिष्मानं झाकण जागेवर बसवलं. एक स्क्रू घट्ट केला, टिचकी मारली, मान हलवली. पुन्हा अर्धा फेरा ढिला केला. आता शेवटी ती झणझण आली.

"हं. वाजवा."

वरात पुढे सरकली. पंगतीत तिच्या पानावर गुणवंतरावांनी आग्रहानं बुंदी वाढली. शेजारच्या म्हाताऱ्या पाहुण्यानं वाकून विचारलं, "बाई, आमच्या मंडळाच्या ढोलकीचा आवाज बसून गेला हाय. पाहता का?"

मी कॉम्प्युटरवाली आहे, असं सांगायला करिष्मानं तोंड उघडलं.

"कुठी हाय?" ती म्हणाली.