बाटलीतली केळी आणि प्रेमबाईंचं दही

मित्रांनो, जरा जवळ या, कारण माझी शिट्टी आता पूर्वीसारखी वाजत नाही. जालन्याच्या मस्तगडातला मोठ्या पोटाचा प्रेशर कुकर तो मीच. वयानं म्हातारा, बुडाला काळा आणि स्वभावानं पहिल्यापासूनच तापट. एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या गोल पत्र्याला दाबून दाबून मला आकार दिला, झाकणावर वजन बसवलं आणि १९८८ च्या दिवाळीत प्रेमबाई मला मांडीवर घेऊन रिक्षानं घरी आल्या.

प्रेमबाईंचं कुटुंब राजस्थानातून आलेलं, पण इथे पुरतं मुरलेलं. या घरात मारवाडीत सुरू झालेलं वाक्य मराठीत संपायचं. यजमान किशनलाल बियाण्याचे व्यापारी. घरात पंगत असली की दाल-बाटीतली दाल माझ्याच पोटात शिजायची. पाहुणे म्हणायचे, कुकरचा आवाज चौकापर्यंत जातो, आणि मी आणखी जोरात शिट्टी द्यायचो. माझ्या शेजारच्या फळीवर दह्याचं मडकं असायचं. प्रेमबाईंचं दही गल्लीत नावाजलेलं. कुणाचं विरजण बिघडलं की माणसं वाटी घेऊन आमच्याच दारात यायची. खरं सांगतो, मला त्या मडक्याचा हेवा वाटायचा. ना आग, ना आवाज, आणि तरी एवढं कौतुक!

पुढे घरात सून आली, चंदाबाई. ती वनस्पतिशास्त्र शिकलेली होती. १९९४ च्या दिवाळीनंतर एक दिवस तिनं सासऱ्यांना सांगितलं की मला बाटलीत केळीची रोपं वाढवायची आहेत. टिश्यू कल्चर हा शब्द त्या घरानं तेव्हा पहिल्यांदा ऐकला. केळीच्या कंदातला नखाएवढा कोंब कापायचा, साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर तो बाटलीत ठेवायचा आणि एकाचे अनेक करायचे. भोकरदनकडच्या धावडा गावचे बद्रीनाथ आणि त्यांच्या पत्नी नंदाबाई हे दुकानाचे जुने गिऱ्हाईक. रोगट मुनव्यांमुळे, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या पिल्लांमुळे, त्यांची बाग दोनदा मोडली होती. चंदाबाईनं त्यांना निरोगी रोपांचा शब्द दिला होता.

किशनलालांनी गोदामाची मागची खोली दिली खरी, पण अक्षय्य तृतीयेपर्यंतचीच अट घातली. "आखातीजपर्यंत खोली तुझी. मंग कपाशीच्या बियाण्याच्या थैल्या येतील, त्या काय रस्त्यावर ठेवू?"

चंदाबाईच्या बाजूनं घरात एकट्या प्रेमबाई उभ्या राहिल्या. निर्जंतुक करायचं यंत्र घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी मलाच चकचकीत घासून सुनेच्या स्वाधीन केलं. बाटल्या, चिमटे, जेली, सगळं माझ्या पोटात यायचं आणि मी वाफेनं जंतूंचा खात्मा करायचो. दालीपेक्षा हे काम मला भलतंच मानवलं.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. शुभ कामाला निघालेल्या माणसाच्या तळहातावर दही-साखर ठेवायची. प्रेमबाई रोज सकाळी खोलीच्या दारात वाटी घेऊन उभ्या राहायच्या. चंदाबाई आणि बाटल्या धुणाऱ्या कांताबाई तळहात चाटून आत जायच्या. मागोमाग प्रेमबाई अगरबत्ती घेऊन यायच्या, पाणी शिंपडायच्या आणि ज्या काचेच्या पेटीत कोंब कापायचे तिच्यावर झेंडूचं फूल ठेवायच्या. हातांना स्पिरिट चोळलं की झालं, असं चंदाबाईला वाटायचं. सासूचा आशीर्वाद ती कोणत्या तोंडानं नाकारणार?

आठवडा उलटला की बाटल्या गढूळ व्हायच्या. काहींवर पांढरी लव धरायची, काहींवर काळी. कोंब आतल्या आत सडायचे. आणि खापर कुणावर? माझ्यावर! कुकर नीट तापत नसेल म्हणून माझं रबर बदललं, वजन बदललं, झाकणाची नळी तारेनं टोकरली. मी जीव तोडून तापत होतो हो, पण माझं ऐकतो कोण? संक्रांत जवळ आली तरी एक बाटली धड नव्हती.

मग प्रेमबाई भाचीच्या लग्नाला औरंगाबादला गेल्या. ते काही दिवस दारात दही नव्हतं आणि आत फूल नव्हतं. त्या दिवसांत भरलेल्या बाटल्या काचेसारख्या लख्ख राहिल्या. चंदाबाईनं त्या उजेडात धरून पाहिल्या, आणि आनंद व्हायचा सोडून ती माझ्याजवळ बसून रडली. तिला कळून चुकलं होतं. सांगावं तर आपल्या पाठीशी उभ्या राहिलेल्या एकुलत्या एक माणसाचं मन मोडतं, न सांगावं तर खोली जाते आणि धावड्याला दिलेला शब्दही. मला तिची फार दया आली.

प्रेमबाई परत आल्या आणि सकाळी वाटी घेऊन दारात हजर झाल्या. चंदाबाईनं दोन स्वच्छ बाटल्या आणल्या.

"माँजी, हिच्यातल्या जेलीला जरा बोट टेकवा. दुसरी बंदच ठेवू."

प्रेमबाईंनी कौतुकानं बोट टेकवलं. दोन-तीन दिवसांनी त्या बाटलीत बोटाच्या जागी पांढरे-पिवळे ठिपके उठले. दुसरी तशीच निर्मळ होती.

"हे काय गं, बीनणी?" प्रेमबाईंनी विचारलं. बीनणी म्हणजे सून.

"हे जीव आपल्या हातावर राहतात, माँजी. माझ्याबी, तुमच्याबी. हवेत अन् फुलावरबी राहतात."

मग तिनं सासूला सगळं समजावलं. दुधाचं दही असेच जीव करतात, इडलीचं पीठ त्यांच्यामुळेच फुगतं. माणसानं हजारो वर्षं त्यांना न बघताच कामाला लावलं होतं. पुढे सूक्ष्मदर्शक आलं, ते दिसले, आणि त्यांच्यापासून लशी आणि औषधं झाली. जालन्याच्या शेतांत बाया कपाशीच्या एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावतात, ती त्याच घराण्यातली विद्या, आणि ही बाटलीही त्यातलीच. शेजारच्या मडक्याबद्दलचा माझा हेवा तेव्हाच कमी झाला. ते आमच्या धंद्यातलं वडीलधारं निघालं.

प्रेमबाईंनी बाटली उजेडात फिरवून पाहिली.

"म्हंजे मी रोज तुझ्या केळीला विरजण लावून राह्यले व्हते?"

"हां, माँजी."

"अन् तू गुमान बसली?"

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून."

"अन् केळी मेल्यावर मला बरं वाटणार व्हतं का?" असं म्हणून प्रेमबाई एवढ्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. त्या दिवसापासून दही-साखर काम संपवून बाहेर आल्यावर मिळू लागली, अगरबत्ती अंगणातल्या तुळशीपाशी लागू लागली आणि प्रेमबाई खोलीच्या दारात पहारा देऊ लागल्या. स्वतः मात्र त्यांनी उंबरा ओलांडला नाही. माझे हात दह्याचे, असं म्हणायच्या.

आखातीजला थैल्यांचा टेम्पो दारात लागला. हमाल घेऊन किशनलाल आले, तर प्रेमबाई दारात स्टूल टाकून बसलेल्या.

"आत जायचं तर जोडे काढा. हात कोपरापर्यंत धुवा."

"माझ्याच गोदामात?"

"तुमच्याच."

हमाल बघत होते. किशनलालांनी जोडे काढले आणि नळाखाली साबणानं हात चोळले. आत ट्यूबलाइटखाली फळ्यांवर ओळीनं बाटल्या, आणि बाटली-बाटलीत हिरवेगार कोंब. जन्मभर बियाणं विकलेला तो माणूस एका बाटलीपाशी वाकून उभा राहिला.

"एका कोंबाचे एवढे?"

"हो, बाबूजी. अजून वाढतील."

ते बाहेर आले आणि हमालांना म्हणाले, "थैल्या ओट्यावर लावा. वरून ताडपत्री टाका बराबर." मी चुलीवर होतो, आणि त्या दिवशी मी दिलेली शिट्टी चौकाच्याही पलीकडे गेली असेल.

रोपं जाळीच्या सावलीत पिशव्यांत तयार झाली आणि धावड्याला गेली. "बाटलीतलं लेकरू हे, आमचं ऊन झेपंल का त्याला?" असं बद्रीनाथ म्हणाले होते. पुढच्या साली नंदाबाई केळीचा घड डोक्यावर घेऊन मस्तगडात आल्या. "सारी बाग एकसाथ निसवली, झाडाझाडाला घड लागला, प्रेमबाई. एक झाड मागं न्हाई," असं सांगत त्यांनी घड प्रेमबाईंपुढे उतरवला.

२००३ मध्ये एमआयडीसीजवळ चंदाबाईची मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. तेव्हा गावोगाव बीटी कापसाची चर्चा होती आणि आमची जैवतंत्रज्ञानाची विद्या पारावर पोचली होती. तिथे माझ्यासारखे दहा पोटात घेईल असं यंत्र आलं. मी मुकाट्यानं भंगाराची वाट बघू लागलो. पण चंदाबाई म्हणाली, पहिली बाटली याच्याच वाफेतून निघेल.

तशी ती निघाली. मग चंदाबाई प्रेमबाईंना धरून बेसिनपाशी घेऊन गेली. बांगड्या वर सारून तिनं सासूचे हात कोपरापर्यंत स्वतः धुतले, पांढरा कोट चढवला, पिकल्या केसांवर टोपी घातली आणि त्यांना आत नेलं.

"मला कशाला, बीनणी? बिघडंल सारं."

"नाही बिघडत, माँजी. आता हात धुतलेत ना?"

प्रेमबाईंनी चिमट्यात कोंब धरला आणि बाटलीत ठेवला.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या भांड्याचं रबर वेळेवर बदला, नळी साफ ठेवा, आम्ही पुष्कळ वर्षं साथ देतो. आणि तुमच्या नव्या विद्येच्या दारात घरातलं एखादं जुनं माणूस उभं असेल, तर त्याला बाहेर ठेवू नका. त्याला नीट समजावून सांगा, त्याच्या हातावर पाणी घाला आणि आत घ्या.

आम्ही सगळे प्रेमबाईंच्या त्या बाटलीवर डोळे लावून होतो. त्या स्वतः तर रोज सकाळी दुरून विचारायच्या. बाटली शेवटपर्यंत स्वच्छ राहिली, आणि आतल्या कोंबाला चार पानं फुटली.