पिंजऱ्यातला डॉक्टर

थोरली आणि धाकटी अशा दोघी बहिणींचा शेळ्यांचा गोठा होता. लग्नं दोघींनीही केली नाहीत. कुणी फार खोदून विचारलं की थोरली म्हणायची, घरात दाढीवाले काय कमी आहेत!

कळपात काही शेळ्यांच्या तोंडाला फोड आले आणि कुणीतरी खबर दिली. जनावरांचा सरकारी डॉक्टर आला, पण गाडीतून उतरला नाही. कुंपणाबाहेरूनच पाहून म्हणाला, साथीचा रोग आहे, सगळा कळप मारावा लागेल. थोरली एका शेळीचा जबडा उघडून धरून उभी राहिली, निदान बघा तरी म्हणाली.

"मला शिकवू नका," म्हणत त्यानं काच वर केली.

दुपारी त्याची माणसं आली. शेळ्या परक्याच्या हाताला लागेनात, म्हणून थोरलीलाच एकेकीला हाक मारायला लावलं. तिची हाक ऐकून शेळ्या धावत येत होत्या, आणि तिथंच मरत होत्या.

खात्यातल्याच एका डॉक्टरीणबाईंनी पुरण्याआधी नमुने घेतले होते. तपासणीत रोग निघालाच नाही. काटेरी चाऱ्यानं तोंडं सोलवटली होती, बस्स.

खात्यानं भरपाई देऊ केली. धाकटी तयार होती, थोरली नाही. तिला पैसे नको, तो डॉक्टर हवा होता. त्यांचा मामेभाऊ वकील होता. त्यानं समजावलं की सरकारी नोकरानं सद्भावनेनं केलेल्या कामाबद्दल त्याला स्वतःला धरता येत नाही. चुकला तरी कायदा त्याला पाठीशी घालतो.

"आणि त्यानं कामच केलं नसेल तर?" थोरलीनं विचारलं.

मग मात्र पकडता येईल, वकील म्हणाला. पण न तपासताच हुकूम दिला हे तो कबूल कशाला करेल?

थोरलीनं डॉक्टरवर दावा लावलाच. तिला त्या माणसाची नस कळली होती. कोर्टात आरडाओरडा करू नकोस, तिनं भावाला बजावलं, हरभऱ्याच्या झाडावर चढव त्याला.

वकिलानं डॉक्टरच्या अनुभवाचे गोडवे गायले. मग अदबीनं विचारलं, तुमच्यासारख्या जाणकाराला प्रत्येक जनावर तपासत बसावं लागत नसेल, नाही?

पिंजऱ्यातला डॉक्टर फुलला. "छे! मी लांबूनच ओळखतो. त्या दिवशी गाडीतून उतरलोसुद्धा नाही."

सरकारी वकिलानं डोळे मिटून घेतले. थोरली हसली नाही. फक्त पदर सारखा केला.

तपासणीच नाही तिथं सद्भावना कसली, असं निकालात आलं. भरपाई डॉक्टरच्या खिशातून जाणार होती. खात्यानं हात झटकले, वर चौकशी लावली. डॉक्टरनं अपील केलं, पण ऐट पार उतरली होती. कोर्टाच्या आवारात तो थोरलीला गाठून म्हणाला, बाई, मिटवून टाकू, पोरीचं लग्न ठरलंय. आवाज रडवेला झाला होता. थोरलीनं त्याला सगळं बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही, आणि मग म्हणाली, "नाही."

घरी येताना धाकटीचा जीव कालवला. "पुरे गं आता. तोही म्हातारा व्हायला आलाय. सोडून दे."

"सोडलं असतं," थोरली म्हणाली, "पण मला बरं वाटतंय गं. खरंच बरं वाटतंय."

अपिलाच्या तारखेला तुम्ही आला नाहीत तरी चालेल, असा वकिलाचा निरोप होता. थोरली इस्त्रीचं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या बाकावर बसली.