येते म्हणाली होती

चिकटीला हे नाव घरात उगीच पडलं नव्हतं. आई अंघोळीला गेली तरी पोरगी न्हाणीघराच्या दाराशी ठाण मांडून बसायची. आणि आता तीच चिकटी आईपासून विमानाच्या अंतरावर राहून चिकटण्याचाच अभ्यास करत होती, याला काय म्हणावं!

तिचं काम असं. मूत्रमार्गात बिऱ्हाड करणाऱ्या एका जिवाणूच्या अंगावर बारीक केस असतात आणि केसाच्या टोकाला आकडा. शरीरात असा पाहुणा शिरला की काही पेशी त्याचा तुकडा उचलतात आणि जवळच्या गाठीकडे निघतात. पायाला लागलं की जांघेत अवधाण येतं ना, तसल्या गाठीकडे. लढणारी फौज तिथंच बसलेली असते, पण तिला कोणी जाऊन सांगायला हवं. चिकटी या पेशींना निरोपे म्हणायची. जिवाणूचा आकडा निरोप्याच्या अंगावरच्या एका रेणूत अडकला, की निरोप्या स्वतःच जागेला घट्ट चिकटून बसतो. तो मेलेला नसतो, निरोपही त्याच्याजवळच असतो. नुसतं पाऊल उचलत नाही.

हा आकडा सोडवणारं औषध चिकटी तपासत होती. काचेखाली खिळलेले निरोपे बघताना तिला आईची फार आठवण यायची. शिवणाच्या मशीनचा आवाज, त्या तेलाचा वास, ओठांत टाचण्या धरून आईचं ते बोलणं. जावंसं वाटायचं, पण आई एकदाही ‘ये’ म्हणत नव्हती. “तुझं काम आधी,” एवढंच तिचं पालुपद. चिकटीही हट्टाला पेटली होती. आधी बोलाव, मग येईन.

त्या दिवशीही फोनवर तेच झालं. “मी ठणठणीत आहे गं. जरा कणकण वाटते, एवढंच.” तेवढ्यात प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी हाक मारली. चिकटी गडबडीनं उठली आणि नेहमीचं ‘ठेवते’ म्हणायच्या ऐवजी, दारातून निघताना म्हणावं तसं, “येते गं” म्हणून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन. आवाज चढलेला.

“तुझं विमान कधी उतरतंय ते तरी सांगशील? तुझी आई कालपासून मशीन हलवून तुझ्या पलंगाला जागा करतेय. अंगात ताप, पण ऐकेल तर शपथ!”

“ताप? कसला ताप?”

“लघवीचं इन्फेक्शन. पुन्हा उलटलंय. तुला कळवू नको म्हणून मला दम दिलाय तिनं.”

ज्या जिवाणूचा केस न् केस चिकटीला पाठ होता, तो आईच्या पोटात ठिय्या देऊन बसला होता आणि तिला पत्ताच नव्हता. आईचा रागही आला आणि रडूही आवरेना. डोळे पुसून तिनं फोन लावला.

“आई, अगं मी काल येते म्हणाले ना, ते...”

“कळतं गं मला. येते म्हणजे निघते. एवढी काही मी खुळी नाही.”

“मग पलंग कशाला हलवलास?”

“शब्द तर तोच होता ना. म्हटलं, एकदा खराच धरून बघू.”

“नंतर करते,” एवढंच म्हणून चिकटीनं फोन ठेवला आणि तडक मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. “माझे निरोपे थोडे दिवस तुम्ही सांभाळा,” ती म्हणाली. औषधाची तपासणी निम्म्यावर आली होती, आता सोडून कसं चालेल, असं बाईंनी विचारलं. पण तिचा चेहरा बघून त्यांनी पुढं काही ताणलं नाही.

जिन्यातच तिनं पुन्हा फोन लावला.

“आई, येते.”

“म्हणजे, ठेवतेस?”

“नाही. येते.”

चिकटीनं फोन कानाशी घट्ट धरला.

“ये,” आई म्हणाली.